चौरंगी सामन्यांतील १९२३ सालचा विजय

दरवर्षीं पावसाळा सरला कीं शाळेच्या मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा दिसूं लागतात, जाळीं उभीं राहतात, आणि क्रिकेटचा हंगाम सुरू झाला हें लहानांत लहान मुलासही वेगळें सांगावें लागत नाहीं. मग मुलांच्या तोंडीं दोनच प्रश्न ऐकूं येतात. संघांत कोणाकोणाची निवड झाली, हा पहिला. आणि कप्तान कोण, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नावरून वर्गावर्गांत किती वाद माजतो हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. पालकांस तो वाद कदाचित् पोरकट वाटत असेल. परंतु याच प्रश्नाचें न्याय्य उत्तर देण्यास एका मोठ्या व नामांकित संघास दहा-बारा वर्षें लागलीं. आणि ज्या वर्षीं त्यानें तें उत्तर दिलें त्याच वर्षीं त्यानें मोठी स्पर्धा जिंकली. ही हकीकत खरी आहे, आणि तिचा आरंभ आपल्याच पुण्यांत, मैदानावर रूळ फिरविणाऱ्या एका मुलापासून होतो. म्हणून ती विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील माणसांपुढें मांडावी, असें आम्हांस वाटलें.

प्रथम चौरंगी सामने म्हणजे काय, हें सांगितलें पाहिजे. आज आपल्याकडे प्रांताप्रांतांचे व शहराशहरांचे संघ एकमेकांशीं खेळतात. पूर्वीं तशी पद्धत नव्हती. मुंबईंत खेळाचे जिमखाने निरनिराळ्या समाजांचे होते, आणि सामनेही समाजासमाजांत होत. हिंदी लोकांत क्रिकेटची गोडी प्रथम पारश्यांस लागली. १८७७ सालीं पारशी व यूरोपियन यांचा पहिला सामना मुंबईंत झाला. १८९२ पासून या दोन पक्षांचे सामने नेमानें होऊं लागले, आणि ते मुंबईप्रमाणेंच पुण्यांतही खेळले जात. १९०७ सालीं हिंदूंचा संघ त्यांत आला, तेव्हां सामने तिरंगी झाले. १९१२ सालीं मुसलमानांचा संघ आला, तेव्हां ते चौरंगी झाले. पुढें १९३७ मध्यें हिंदी ख्रिस्ती, यहुदी इत्यादि ज्या समाजांस स्वतःचा संघ नव्हता, त्यांच्यासाठीं ‘इतरां’चा पांचवा संघ निघाला आणि सामने पंचरंगी म्हणून ओळखले जाऊं लागले.

चौरंगी सामन्यांची रचना साधी होती. चार संघांच्या दोन जोड्या पाडीत. प्रत्येक जोडींतील विजयी संघ अंतिम सामन्यास पात्र ठरे. आणि त्यांत जिंकेल तो त्या वर्षाचा विजेता. म्हणजे केवळ दोन विजयांनीं सर्व स्पर्धा हातीं येई, आणि एका पराभवानें वर्षभर वाट पाहावी लागे. सामने मुंबई जिमखान्याच्या मैदानावर होत. त्या जिमखान्याचे सभासद त्या काळीं केवळ यूरोपियनच होऊं शकत. परंतु सामन्यांच्या दिवसांत मैदानाभोंवतीं मांडव उभे राहत, व्यापारी पेढी बंद करून येत, कचेरींतील कारकून रजा काढून येत, आणि ज्यांस आंत जागा मिळत नसे ते झाडांवर चढून खेळ पाहत. राज्य करणाऱ्यांशीं बरोबरीच्या नात्यानें उभें राहण्याची संधि हिंदी माणसास फार थोड्या ठिकाणीं होती. क्रिकेटचें मैदान हें त्यांपैकीं एक होतें. तेथें पंचाचा नियम गोऱ्यास एक व काळ्यास एक असा नव्हता. लोकांच्या उत्साहाचें कारण यांत आहे.

आतां आपण मुंबई सोडून तीस वर्षें मागें, पुण्यास जाऊं.

पालवणकर हें घराणें मूळचें कोंकणांतील. पालवणी या गांवावरून तें नांव पडलें. जातीनें हें कुटुंब चर्मकार, म्हणजे त्या काळच्या रूढीप्रमाणें अस्पृश्य मानलेलें. वडील लष्कराच्या चाकरींत असल्यामुळें कुटुंब पुण्यास राहिलें. थोरला मुलगा बाळू याचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथें झाला होता. त्याच्या पाठचे शिवराम, गणपत व विठ्ठल. लष्करांतील गोरे अधिकारी खेळून टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू व शिवराम खेळूं लागले. त्यांस शिकविणारा गुरु कोणी नव्हता. पाहावें, करून पाहावें, चुकावें आणि पुन्हा करावें, एवढीच त्यांची शाळा.

घरची गरिबी असल्यामुळें बाळूस लवकरच काम धरावें लागलें. पुण्यांतील पारशी गृहस्थांच्या एका क्लबांत खेळपट्टी झाडणें व तीवर रूळ फिरविणें हें त्याचें पहिलें काम. वेतन महिना तीन रुपये. पुढें १८९२ च्या सुमारास यूरोपियनांच्या क्लबांत त्यास महिना चार रुपयांची जागा मिळाली. तेथें खेळपट्टी तयार करावी, चुन्याच्या रेघा माराव्या, जाळीं उभारावीं, टेनिसच्या अंगणांची निगा राखावी, असा दिवसभराचा धंदा होता. मधून मधून साहेबलोकांस सरावासाठीं चेंडू टाकण्यास त्यास बोलावीत. त्याच्या चेंडूंतील कसब लवकरच लोकांच्या ध्यानीं आलें.

त्या क्लबांत कॅप्टन ग्रेग नांवाचे एक लष्करी अधिकारी होते. त्या वेळच्या मुंबई इलाख्यांत त्यांच्या तोडीचा गोरा फलंदाज क्वचितच असेल. (या गृहस्थांचें पुढील आयुष्य मोठें विलक्षण झालें. लष्करांतून निवृत्त झाल्यावर उतारवयांत त्यांनीं रोमन कॅथॉलिक पंथाची धर्मगुरूची दीक्षा घेतली.) ते इतरांच्या आधीं एक तास मैदानावर येत आणि बाळूस एकट्यास चेंडू टाकावयास लावीत. बाळूनें त्यांस बाद केलें म्हणजे प्रत्येक वेळीं ते त्यास आठ आणे बक्षीस देत, असें सांगतात. ज्याचें वेतन महिना चार रुपये, त्यास आठ आणे म्हणजे जवळ जवळ चार दिवसांची कमाई! शेंकडों तास असा सराव झाल्यावर साहेबांची फलंदाजी सुधारली यांत नवल नाहीं. पण त्याहून अधिक सुधारली ती बाळूची गोलंदाजी. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. इतकीं वर्षें त्या क्लबांत काढूनही बाळूच्या हातीं खेळण्यासाठीं बॅट म्हणून कोणी दिली नाहीं. चेंडू टाकणें हें चाकराचें काम व फलंदाजी हा धन्याचा मान, अशी तेव्हां समजूत होती.

बाळू डाव्या हातानें मंद गतीचा चेंडू टाकीत. मंद चेंडूंत भिण्यासारखें काय आहे, असें ज्यांस वाटेल त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहितों. वेगवान् गोलंदाज फलंदाजास विचार करण्यास वेळ देत नाहीं. मंद गोलंदाज त्यास वेळ देतो आणि तरीही चुकवितो. बोटांनीं पीळ दिलेला चेंडू जमिनीवर पडल्यावर आपली दिशा बदलतो. डाव्या हाताच्या गोलंदाजाचा असा चेंडू उजव्या हातानें खेळणाऱ्या फलंदाजापासून दूर वळतो, आणि बॅटीच्या कडेस लागून जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हातीं जातो. तोच चेंडू मधूनच न वळतां सरळ आला तर यष्ट्या उडतात. किती पीळ द्यावा, किती उंच टाकावा, किती आंखूड ठेवावा, हें सर्व हाताच्या एकाच हालचालींत लपवावयाचें असतें. शिवाय खेळपट्टी ओली आहे कीं कोरडी, कोठें भुसभुशीत झाली आहे व कोठें दगडासारखी कठीण आहे, हें ओळखल्याशिवाय ही विद्या फलद्रूप होत नाहीं. ज्यानें स्वतःच्या हातानें वर्षानुवर्षें पाणी मारून व रूळ फिरवून खेळपट्ट्या तयार केल्या, त्यास जमिनीचा स्वभाव इतरांहून अधिक कळला असावा, असें आम्हांस वाटतें. हलकें म्हणून जें काम त्यास दिलें गेलें, तेंच त्याच्या विद्येचें पहिलें पुस्तक ठरलें.

त्या सुमारास पुण्यांतील हिंदूंचा संघ यूरोपियनांशीं सामना खेळण्याच्या तयारींत होता. बाळूस संघांत घ्यावें कीं नाहीं, यावर मोठी वाटाघाट झाली. त्याच्यासारखा गोलंदाज दुसरा नाहीं, हें सर्वांस कबूल होतें. पण त्याच्या स्पर्शाचें काय, हा प्रश्न आडवा येई. अशा गोलंदाजास बाहेर ठेवणें हा हिंदूंचा वेडेपणा होईल, असें ग्रेगसाहेबांनींही बोलून दाखविलें. अखेरीस बाळूस संघांत घेतलें. आणि हिंदूंनीं यूरोपियनांवर विजय मिळविला. साताऱ्याच्या गोऱ्या संघानें तर बाळूचा चेंडू वळूं नये म्हणून आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टी अगदीं गुळगुळीत केली होती. तरी त्यानें तेथें सात गडी बाद केले.

मैदानावर असा निकाल लागला. पण मैदानाबाहेरचा निकाल वेगळा होता. खेळ चालू असतां बाळूनें हाताळलेला तोच चेंडू सर्व खेळाडू हातांत घेत, त्यांत कोणास विटाळ वाटत नसे. परंतु चहाची वेळ झाली म्हणजे इतर मंडळी आंत बसत आणि बाळूस बाहेर उभें राहून, एकदां वापरून फेंकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यांतून चहा घ्यावा लागे. जेवणाचें पान निराळें, बसण्याची जागा निराळी, आणि तोंड धुण्यास पाणी हवें तर तें त्याच्याच जातीच्या नोकरानें कोपऱ्यांत आणून द्यावयाचें. ज्याच्या हातानें विजय मिळाला त्याच्या हातचा पेला चालत नसे! न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांस ही विसंगति सहन झाली नाहीं. ज्याच्यासह आपण खेळतों त्याच्यासह बसून खाण्यापिण्यास काय हरकत आहे, असें त्यांनीं पुण्याच्या खेळाडूंस विचारलें, आणि एका जाहीर समारंभांत बाळूस स्वतः हार घातला. त्या काळच्या पुण्यांत ही लहान गोष्ट नव्हती.

१८९६ च्या सुमारास, प्लेगच्या धामधुमींत, पालवणकर बंधूंनीं पुणें सोडलें व ते मुंबईस गेले. तेथें हिंदूंचा परमानंददास जीवनदास जिमखाना १८९४ मध्यें नुकताच स्थापन झाला होता. तेथेंही बाळूंस प्रवेश देण्याविषयीं कांहीं सभासदांनीं कुरकुर केली. पण गुणांपुढें ती टिकली नाहीं. पुढें धाकटे बंधूही त्यांच्या पाठोपाठ आले, आणि चौघेही भाऊ हिंदूंच्या संघांतून खेळले. एका कुटुंबानें एका संघास इतकें दिल्याचें उदाहरण विरळाच सांपडेल.

१९०६ च्या फेब्रुवारींत हिंदू व यूरोपियन यांचा मुंबईंत जो सामना झाला, त्यानें सर्व देशाचें लक्ष वेधलें. हिंदूंनीं पहिल्या डावांत २४२ धावा केल्या, यूरोपियनांनीं १९१. दुसऱ्या डावांत हिंदूंच्या १६० धावा झाल्या, आणि यूरोपियनांचा सर्व संघ १०२ धावांत गारद झाला. म्हणजे १०९ धावांनीं हिंदूंचा जय झाला. बाळूंनीं पहिल्या डावांत ३ व दुसऱ्या डावांत ५ असे एकंदर ८ गडी बाद केले. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस होते. स्वदेशीचा घोष सर्वत्र चालू असतां असा विजय मिळाल्यावर लोकांच्या आनंदास पारावार राहिला नाहीं. त्याबरोबरच कांहीं विचारी माणसांनीं असेंही म्हटलें, कीं अस्पृश्य मानलेल्या माणसास बरोबर घेतलें म्हणूनच हा विजय लाभला. तर मग हीच रीति समाजांत इतरत्र कां चालूं नये?

१९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडांत गेला. त्यांत बाळू व शिवराम हे दोघे होते. संघाचें यश बेताचेंच होतें. काउंटी संघांपैकीं लेस्टरशायर व सॉमरसेट यांवर मात्र त्यानें विजय मिळविला. परंतु बाळूंनीं सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. पस्तिशीच्या वयांत, अपरिचित हवेंत व अपरिचित खेळपट्ट्यांवर, पहिल्यानेंच परदेशीं गेलेल्या गोलंदाजानें हें करावें, याचें कौतुक तिकडील जाणत्यांनीं मोकळेपणानें केलें. त्यांच्या पहिल्या दर्जाच्या सर्व सामन्यांचा हिशेब पाहिला तर ३३ सामन्यांत १७९ गडी, आणि प्रत्येक गड्यामागें सुमारें १५ धावा, असा येतो. हा हिशेब कोणत्याही देशाच्या गोलंदाजास भूषण होईल असाच आहे.

इतकें असतां हिंदूंच्या संघाचें कप्तानपद त्यांस कधींही मिळालें नाहीं. अनुभवानें ते सर्वांत वडील, यशानें सर्वांत थोर, आणि खेळाचें मर्म त्यांच्याइतकें कोणास ठाऊक नव्हतें. १९१० नंतर त्यांचें नांव पुन्हा पुन्हा सुचविलें जाई आणि पुन्हा पुन्हा मागें पडे. गोलंदाजी करण्यास स्पर्श आड येत नाहीं. पण कप्तान म्हटला कीं इतरांनीं त्याची आज्ञा पाळावी लागते, आणि येथें जुन्या समजुतीचें पाऊल अडे. एम. डी. पै हे १९१३ मध्यें कप्तान झाले, तेव्हां त्यांच्या ज्ञातिबांधवांनीं त्यांचा सत्कार केला. त्या समारंभांत पै यांनीं स्पष्ट सांगितलें, कीं हा मान वास्तविक माझे मित्र बाळू यांचा होता. स्वतःस मिळालेल्या मानाच्या प्रसंगीं, स्वतःच्याच माणसांसमोर, असें बोलण्यास मनाचा मोठेपणा लागतो. पै यांचें नांवही या हकीकतींत आदरानें घेतलें पाहिजे.

१९२० सालीं हा प्रश्न विकोपास गेला. पै यांस पहिल्या सामन्यांत खेळतां येत नव्हतें. आतां तरी बाळूंस नेतृत्व मिळेल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. तें तर राहोच, त्यांस संघांतूनच वगळण्यांत आलें, आणि कप्तानपद त्यांच्याहून पुष्कळ कनिष्ठ अशा खेळाडूस दिलें गेलें. तेव्हां शिवराम व विठ्ठल या बंधूंनीं संघांतून आपलीं नांवें काढून घेतलीं, आणि आपण तसें कां केलें हें वर्तमानपत्रांतून जाहीर रीतीनें कळविलें. त्यांनीं आरडाओरडा केला नाहीं, कीं कोणास अपशब्द वापरला नाहीं. निवड न्यायास व खिलाडूपणास सोडून झाली, इतकेंच त्यांचें म्हणणें होतें. ज्यांचें सर्व जीवित खेळांत गेलें त्यांनीं खेळण्याची संधि स्वतः होऊन सोडणें हा मोठाच त्याग होता. वृत्तपत्रांत वाद झाला. लोकमत त्यांच्या बाजूस झुकलें. त्याच डिसेंबरांत नागपूरच्या काँग्रेसमध्यें महात्मा गांधींच्या पुढाकारानें असहकारितेचा ठराव झाला, आणि त्याबरोबर अस्पृश्यतानिवारणाचीही हांक देण्यांत आली. देशांत वारा बदलत होता. अंतिम सामन्यास पै परत आले, बाळूंस उपकप्तान नेमण्यांत आलें आणि दोघे बंधू पुन्हा संघांत आले. त्या सामन्यांत पै मुद्दाम कांहीं वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणून तेवढा वेळ कां होईना, बाळूंच्या हातीं हिंदू संघाचीं सूत्रें आलीं. त्यांस मिळालेलें नेतृत्व तेवढेंच.

बाळूंचा काळ संपला होता. आतां प्रश्न विठ्ठल यांचा होता. विठ्ठल हे संघांतील अत्यंत भरंवशाच्या फलंदाजांपैकीं एक. वडील बंधूंस क्लबांत बॅट हातीं मिळाली नाहीं. धाकट्या बंधूनें बॅटीनेंच नांव मिळविलें. तथापि १९२१ व १९२२ या दोन्ही वर्षीं कप्तानपद त्यांच्याकडे आलें नाहीं, आणि त्या दोन वर्षीं स्पर्धाही हिंदूंस जिंकतां आली नाहीं. कप्तान बदलला म्हणजे विजय येतोच, असें आम्ही म्हणत नाहीं. क्रिकेट हा तसा हिशेबी खेळ नव्हे. परंतु योग्य माणूस डोळ्यांसमोर असतां त्यास बाजूस ठेवणाऱ्या संघांत एकदिलीनें खेळण्याची वृत्ति कशी राहावी? ज्यास वगळलें त्याचें मन खेळांत लागत नाहीं, आणि ज्याची निवड झाली त्याच्याही मनास टोंचणी लागून राहते.

१९२३ सालीं निवड करणाऱ्यांनीं अखेर विठ्ठल पालवणकर यांस हिंदूंचें कप्तानपद दिलें. त्या वर्षीं हिंदूंचा संघ अंतिम सामन्यास पोंचला, तेव्हां समोर यूरोपियनांचा संघ होता. सर्व जातींचे हिंदू खेळाडू एका चर्मकार कप्तानाच्या खुणेबरोबर आपली जागा बदलीत होते, आणि हजारों लोक तें पाहत होते. तो सामना हिंदूंनीं जिंकला आणि चौरंगी स्पर्धेचा विजय मिळविला. खेळ संपल्यावर प्रेक्षकांचा लोंढा मैदानांत शिरला, आणि ज्यांस उच्चवर्णीय म्हणत अशा हिंदूंनीं कप्तान विठ्ठल यांस खांद्यांवर उचलून घेतलें. पुण्याच्या मैदानावर थोरल्या भावास मातीच्या भांड्यांतून चहा देणाऱ्या समाजानें धाकट्या भावास खांद्यावर घ्यावें, यास तीस वर्षें लागलीं. त्या वर्षाच्या विजयाचें खरें मोल आम्हांस यांत दिसतें.

पुढील मोसमांतही विठ्ठल यांनीं संघाचें नेतृत्व केलें. १९४८ मध्यें त्यांनीं ‘माझे क्रीडा-जीवन’ या नांवानें आपलें आत्मचरित्र मराठींत प्रसिद्ध केलें. जुन्या ग्रंथालयांत तें सांपडल्यास विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावें.

आतां दोन गोष्टी प्रांजळपणें सांगितल्या पाहिजेत, नाहीं तर आमचा लेख अपुरा राहील. एका कप्तानाच्या निवडीनें अस्पृश्यता नाहींशी झाली, असें कोणीं समजूं नये. १९२३ मध्यें ज्यांनीं विठ्ठल यांस खांद्यावर घेतलें, त्यांच्यापैकीं कित्येकांच्या गांवच्या विहिरी त्यानंतरही पुष्कळ वर्षें सर्वांस मोकळ्या नव्हत्या. बाळूंनाही हें पुरतें ठाऊक होतें. ते पुढें सार्वजनिक कार्यांत पडले. १९३२ च्या २४ सप्टेंबरास येथें येरवड्यास जो पुणें करार झाला, त्यावर सही करणाऱ्यांत त्यांचें नांव आहे. १९३७ च्या निवडणुकींत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले; डॉ. आंबेडकरांस १३,२४५ मतें मिळालीं आणि बाळूंस ११,२२५. मार्ग कोणता घ्यावा याविषयीं दोघांचा मतभेद होता. पण अन्याय दूर झाला पाहिजे याविषयीं नव्हता. ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईस बाळूंचें निधन झालें.

दुसरी गोष्ट त्या सामन्यांविषयींच आहे. ज्या स्पर्धेंत विठ्ठल यांनीं जातीची भिंत ओलांडली, त्या स्पर्धेची उभारणीच धर्माच्या भिंतींवर झाली होती. आपला संघ म्हणजे आपल्या धर्माचा संघ, ही सवय मनास लागली तर खेळाच्या मैदानांतून बाहेर पडतांना ती मागें राहत नाहीं. असें ओळखून १९४० मध्यें महात्मा गांधींनीं या जातवार सामन्यांविषयीं नापसंती दर्शविली. १९३४ पासून प्रांताप्रांतांच्या संघांची रणजी स्पर्धा सुरू झालीच होती. पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्राच्या संघानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें ती जिंकली, आणि एका प्रांताचे खेळाडू धर्म न विचारतां एका नांवाखालीं खेळूं शकतात हें महाराष्ट्रास दिसलें. पंचरंगी सामने १९४६ मध्यें बंद पडले. त्यांतील रंगत आठवून जुनीं माणसें हळहळलीं, हें खरें. परंतु ते बंद पडले तें योग्यच झालें, असें आम्हांस वाटतें.

विद्यार्थ्यांनो, या हकीकतींत मोठीं माणसें आहेत, तशीं लहान मनाचींही आहेत. आणि त्यांतील कोणतेंही मन तुमच्या वर्गांत आढळणार नाहीं असें नाहीं. ‘हा मान माझ्या मित्राचा आहे’ असें म्हणणारे पै तुमच्यांत असूं शकतील. अन्याय झाला तर अपशब्द न बोलतां आपली जागा सोडून देणारे शिवराम व विठ्ठल असूं शकतील. आणि सर्वांस कळत असतांही गप्प बसणारे तर पुष्कळच असतील. यंदा संघाचा कप्तान निवडतांना कोण कोणाच्या घरचा, कोण कोठें राहतो, कोणाचे कपडे कसे आहेत, हें मनांतून काढून टाका. खेळाचें ज्ञान कोणास आहे, सर्वांस सांभाळून कोण घेईल, आणि संकटाच्या वेळीं कोणाच्या शब्दावर तुम्ही विश्वास ठेवाल, हें पाहा.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलगा सामना खेळून घरीं आला म्हणजे ‘जिंकलांत कीं हरलांत’ हें तर तुम्ही विचारालच. पण त्याबरोबर ‘चहा कोणाबरोबर घेतलास’ हेंही एकदां विचारून पाहा. आणि ज्या नोकरानें सकाळीं उठून खेळपट्टीवर रूळ फिरविला व चुन्याच्या रेघा मारल्या, त्याचें नांव तुमच्या मुलास ठाऊक आहे कीं नाहीं, हेंही विचारा.